मोडलेलें राज्य सांधणारे बाळाजी विश्वनाथ पेशवे

गांवांत दोन भाऊ भांडले म्हणजे काय होतें, हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. प्रथम बांध मोडतो, मग विहिरीचें पाणी अडतें, मग गोठ्यांतील बैल सोडून नेले जातात. आणि सरतेशेवटीं दोघांचींहि शेतें पडीक राहून तिसराच कोणी धनी होऊन बसतो. जें एका घरांत होतें तेंच एका राज्यांतहि होतें. परक्या शत्रूनें केलेला घाव कधींना कधीं भरून येतो. पण घरच्या लढाईचा घाव आंत चिघळत राहतो. कारण ती लढाई संपली तरी जिंकलेल्यास व हरलेल्यास त्याच शिवारांत आणि त्याच पाणवठ्यावर पुनः एकत्र राहावयाचें असतें. असें दुभंगलेलें राज्य पुनः कसें उभें करावें, हा प्रश्न तीनशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रापुढें आला होता. ज्या पुरुषानें तो बऱ्याच अंशीं सोडविला, आणि ज्याच्या हातून त्यांत एक मोठी उणीवहि राहून गेली, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यांनीं नवी मुंबई पाहिली आहे त्यांस बेलापूरच्या खाडीजवळ एका जुन्या किल्ल्याचे पडके अवशेष ठाऊक असतील. आज त्यांच्या सभोंवतीं मोठें शहर वसलें आहे. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभीं ह्या किनाऱ्यावर चार सत्ता एकमेकींवर डोळा ठेवून बसल्या होत्या. बेलापूर, साष्टी व वसई पोर्तुगीजांकडे, मुंबई इंग्रजांकडे, दक्षिणेस कुलाबा कान्होजी आंग्रे ह्यांजकडे, आणि त्याहून पलीकडे जंजिरा सिद्दीकडे. घाटावर जें मराठी राज्य होतें तें मात्र आपसांतच दुभंगलें होतें. बाळाजी विश्वनाथ भट हे ह्याच कोंकण किनाऱ्यावरील श्रीवर्धनचे. त्यांच्या घराण्याकडे तेथील देशमुखी पिढीजात चालत आली होती. पण सिद्दीचा रोष झाल्यामुळें त्यांस वतन व घरदार सोडून परागंदा व्हावें लागलें. वेळासचे भानु बंधु त्यांच्याबरोबर निघाले. मागें काय टाकलें ह्याचा शोक करीत न बसतां ते घाट चढून वर आले, आणि मराठ्यांच्या दरबारीं कारकुनाचें काम पतकरून पोट भरूं लागले. पुढें थोरपणास चढलेल्या ह्या पुरुषास निर्वासिताचें दुःख पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

त्या वेळची देशाची स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून त्यांच्या कामाची किंमत कळावयाची नाहीं. शिवाजी महाराज १६८० सालीं वारले. १६८९ सालीं औरंगजेब बादशहानें त्यांचे पुत्र संभाजी महाराज ह्यांस पकडून ठार मारिलें. त्याच सालीं रायगड पडला, आणि संभाजी महाराजांची राणी येसूबाई व लहान मुलगा शाहू हीं दोघेंहि मोगलांच्या कैदेंत गेलीं. धाकटे बंधु राजाराम महाराज ह्यांनीं दूर जिंजीस जाऊन राज्य जिवंत ठेविलें. ते १७०० सालीं सिंहगडावर वारले; तेव्हां त्यांची राणी ताराबाई हिनें आपल्या लहान मुलाच्या नांवानें कारभार हातीं घेतला, आणि सात वर्षें बादशहास दाद दिली नाहीं. ह्या दीर्घ युद्धांत गांवेंच्या गांवें उजाड झालीं. मोगलांची फौज आली कीं पीक कापून नेई, मराठ्यांची आली कीं उरलेलें नेई. सरदारांस पगार देण्यास खजिन्यांत पैसा नसल्यामुळें त्यांस मुलूख तोडून दिला जाई, आणि ज्याच्या हातीं मुलूख गेला तो तेथला राजाच होऊन बसे.

१७०७ सालीं औरंगजेब अहमदनगराजवळ वारला. त्याचा मुलगा आजमशहा दिल्लीकडे निघाला असतां त्यानें शाहूस सोडून दिलें. त्यांत दयेपेक्षां धूर्तपणाच अधिक होता. पुतण्या घरीं परतला म्हणजे चुलतीशीं त्याचें भांडण जुंपेल आणि मराठ्यांचें बळ आपोआप मोडेल, असा त्याचा होरा होता. तसेंच घडलें. जें राज्य आपण रक्त सांडून राखिलें तें अठरा वर्षें मोगलांच्या छावणींत वाढलेल्या मुलाच्या स्वाधीन कां करावें, हें ताराबाईचें म्हणणें. आणि राज्य वडील शाखेचें, तें आपलेंच आहे, हें शाहूचें म्हणणें. दोघांच्याहि म्हणण्यांत कांहीं तथ्य होतें, म्हणूनच हा तंटा अधिक कठीण झाला. ज्या तलवारी कालपर्यंत मोगलांवर उगारल्या होत्या त्या आतां एकमेकांवर उगारल्या गेल्या.

ताराबाईनें सेनापति धनाजी जाधव ह्यांस शाहूवर पाठविलें. बाळाजीपंत तेव्हां धनाजींच्या पदरीं वसुलाच्या कामावर असून पुण्याकडे व दौलताबादेकडे सुभ्याचा कारभार पाहून चांगले अनुभवी झाले होते. १७०७ च्या ऑक्टोबरांत भीमेच्या कांठीं खेड येथें दोन्ही सैन्यें समोरासमोर आलीं, तेव्हां धनाजी शाहूस मिळाले. ह्या बोलण्यांत बाळाजीपंतांचा हात होता असें मानतात. पुढील जानेवारींत शाहूचें राज्यारोहण साताऱ्यास झालें. पण राजा झाला म्हणून राज्य झालें नाहीं. थोड्याच महिन्यांत धनाजी वारले, आणि त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापति झाला. त्यास ह्या कोंकणी कारकुनाची वाढती चलती सहन होईना. १७११ सालीं शिकारींतील एका हरणावरून दोघांच्या माणसांत कलागत झाली, आणि एवढ्याशा निमित्तावरून सेनापति आपल्याच राजाच्या अधिकाऱ्याचा जीव घेण्यास धांवला. बाळाजीपंतांनीं पळून पांडवगडाचा आश्रय घेतला. शाहू महाराजांनीं त्यांस चंद्रसेनाच्या हातीं दिलें नाहीं. तेव्हां चंद्रसेन रागावून प्रथम ताराबाईकडे व पुढें मोगलांकडे गेला. एका हरणापायीं सेनापति शत्रूकडे जावा, इतकें तें राज्य त्या वेळीं ठिसूळ झालें होतें.

सेनापति गेला तेव्हां सेनाहि गेली. शाहूंनीं बाळाजीपंतांस सेनाकर्ते असा किताब देऊन नवी फौज उभारण्याचें काम सांगितलें. मुलखांत तेव्हां असे कित्येक पुंड माजले होते कीं जे ना शाहूचे ना ताराबाईचे. गढीच्या भिंती हाच त्यांचा राजा आणि वाटसरूची लूट हाच त्यांचा महसूल. हिंगणगांवचा दमाजी थोरात हा त्यांपैकींच एक. त्यानें बाळाजीपंतांस बोलणें करण्यासाठीं बोलाविलें, आणि बेल व भंडार हातीं घेऊन शपथ वाहिली. त्या शपथेवर विश्वासून बाळाजीपंत, त्यांचे स्नेही अंबाजीपंत पुरंदरे आणि दोघांचीं कुटुंबें गढींत गेलीं, तोंच दरवाजे बंद झाले. बेल म्हणजे झाडाचें पान आणि भंडार म्हणजे रोज खावयाची हळद, त्यांत शपथ कसली, असें म्हणून दमाजी हंसला, अशी गोष्ट सांगतात. खंडणी न दिल्यास राखेचे तोबरे तोंडास बांधण्याची त्यानें धमकी दिली. शाहू महाराजांनीं द्रव्य भरून त्यांची सुटका केली. बाळाजीपंतांचे मुलगे बाजीराव व चिमाजी हे लहानपणीं ह्या कैदेंत आईबापांबरोबर होते.

ह्या अनुभवापासून दोन प्रकारचे धडे घेतां येतात. शब्दाला कोणी जागत नाहीं, तेव्हां आपणहि जागूं नये, हा एक. राज्य मोडतें तेव्हां तटबंदीच्या अगोदर शब्दाची किंमत मोडते, म्हणून तीच प्रथम सांधली पाहिजे, हा दुसरा. बाळाजीपंतांचें पुढील वर्तन पाहतां त्यांनीं दुसरा धडा घेतला असें दिसतें.

त्याची परीक्षा लवकरच झाली. कान्होजी आंग्रे हे ताराबाईच्या पक्षाचे. शाहूंनीं पेशवे बहिरोपंत पिंगळे ह्यांस त्यांजवर पाठविलें. पण कान्होजींनीं पेशव्यांनाच कैद केलें, लोहगड व राजमाची घेतली, आणि ते साताऱ्यावर चालून येणार अशी आवई उठली. अशा आणीबाणींत १७ नोव्हेंबर १७१३ रोजीं पुण्याजवळ मांजरी येथें बाळाजीपंतांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. ते फौज घेऊन निघाले खरे, परंतु त्यांनीं भर दिला तो समेटावर. दोघेहि कोंकणचे; सिद्दी हा दोघांचाहि वैरी. मराठी राज्यानें पाठ दिली तर कान्होजींस एका बाजूस सिद्दी, दुसऱ्या बाजूस पोर्तुगीज व तिसऱ्या बाजूस इंग्रज ह्यांशीं एकट्यानें झुंजावें लागेल, आणि कान्होजींवांचून शाहूच्या राज्यास समुद्राकडील दार उघडें राहील, हें बाळाजीपंतांनीं त्यांस पटविलें. १७१४ च्या आरंभीं लोणावळ्याजवळ तह झाला. कान्होजींनीं शाहूस राजा मानिलें, बहिरोपंतांस सोडलें, आणि राजमाचीखेरीज घेतलेला घाटावरील मुलूख परत दिला. त्यांची सरखेली कायम झाली, आणि कोंकणांतील दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं त्यांजकडे चालविलीं गेलीं. त्यानंतर कान्होजी अखेरपर्यंत शाहूंचे सरखेल राहिले. ज्यानें पहिल्या पेशव्यास बेड्या घातल्या त्यालाच दुसऱ्या पेशव्यानें राज्याचा खांब करून ठेविलें. सूड घेतला असता तर एक शत्रु कमी झाला असता. समेट केला म्हणून एक आरमार मिळालें.

त्याच सालीं ताराबाईच्या पक्षांतच उलथापालथ झाली. राजाराम महाराजांची दुसरी राणी राजसबाई हिनें आपला मुलगा संभाजी ह्यास कोल्हापूरच्या गादीवर बसविलें, आणि ताराबाई व तिचा मुलगा ह्यांस अटकेंत टाकिलें. कोल्हापूरचा पक्ष त्यामुळें दुर्बळ झाला, तरी तंटा मिटला नाहीं. तो १७३१ सालीं वारणेच्या तहानें मिटला. तोंवर बाळाजीपंतांस जाऊन अकरा वर्षें झालीं होतीं.

आतां आमच्या शेतकरी वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशा भागाकडे येऊं. किल्ले परत आले, सरदार परत आले. पण शेत कसणारा परत आला नाहीं तर राज्य कशावर चालावें? पुणें प्रांत तेव्हां मोगलांकडील सरदार रंभाजी निंबाळकर ह्याच्या जहागिरींत होता, आणि त्याच्या वतीनें बाजी कदम तेथें कारभार पाहत असे. रंभाजीच्या जहागिरीस धक्का लावणार नाहीं असें वचन देऊन बाळाजीपंतांनीं तेथील वरिष्ठ अधिकार बोलण्यानेंच आपल्याकडे घेतला. मग त्यांनीं तीन गोष्टी केल्या. पहिली, वाटा मारणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त केला, कारण पेरलेलें आपल्याच खळ्यावर येईल ह्याची खात्री नसेल तर कोणी पेरीत नाहीं. दुसरी, वसुलाचा मक्ता देण्याची चाल बंद केली. मक्तेदार सरकारास ठराविक रक्कम आगाऊ कबूल करितो, आणि मग रयतेपासून सांपडेल तेवढें पिळून काढितो. पुढील सालीं मक्ता आपल्याकडे राहील कीं नाहीं हें त्यास ठाऊक नसल्यामुळें झाड तोडून फळ खाण्याकडेच त्याची बुद्धि असते. तिसरी, पडीक जमिनीस इस्ताव्याचा कौल दिला. म्हणजे पहिल्या सालीं अगदीं थोडा सारा, दुसऱ्या सालीं त्याहून किंचित् अधिक, आणि जमीन जसजशी सुधारेल तसतसा चढत जाऊन कांहीं वर्षांनीं पुरा आकार.

ह्या कौलाचें मर्म शेतकऱ्यास चटकन् उमगेल. अनेक वर्षें पडून राहिलेल्या रानांत हराळी व झुडुपें माजलेलीं असतात. तें मोडण्यास बैल पाहिजेत, बी पाहिजे, आणि पहिलें पीक येईपर्यंत पोटास पाहिजे. अशा वेळीं सरकारनें पुरा सारा मागितला तर माणूस रातोरात गांव सोडून जातो. सरकारनें थोडें थांबावयाचें कबूल केलें म्हणजे तो कुऱ्हाड घेऊन रानांत शिरतो. ही युक्ति बाळाजीपंतांनीं नवीन शोधून काढिली नव्हती. देशांत ती पूर्वींपासून होती. पण युद्धाच्या दिवसांत कोणाच्याहि कौलावर विश्वास उरला नव्हता. जो कौल देतो तो उद्यां तेथें असेल, आणि दिलेला शब्द पाळील, ही खात्री त्यांनीं परत आणिली. हें काम कोणत्याहि लढाईइतकें मोठें होतें.

ह्यानंतर ते दिल्लीच्या राजकारणांत शिरले. तेथें फर्रुखसियर बादशहा व त्याच्या दरबारचे बलाढ्य सय्यद बंधु ह्यांच्यांत वांकडें आलें होतें. धाकटा सय्यद हुसेन अली दक्षिणेचा सुभेदार होता. १७१८ सालीं त्याच्याशीं करार ठरला. शिवाजी महाराजांच्या वेळचें स्वराज्य शाहूंकडे चालावें. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बेदर, विजापूर व हैदराबाद ह्या सहा सुभ्यांतून चौथाई व सरदेशमुखी मिळावी. आणि कैदेंतील राजकुटुंब परत यावें, ह्या मराठ्यांच्या मागण्या. त्याबद्दल शाहूंनीं दरसाल दहा लाख रुपये पेशकश द्यावी, पंधरा हजार स्वार चाकरीस ठेवावे, आणि मुलखांत चोरी व लूट होऊं देऊं नये. बादशहानें करार मान्य केला नाहीं. तेव्हां हुसेन अली दिल्लीस निघाला, आणि त्याच्याबरोबर बाळाजीपंत मराठी फौज घेऊन गेले. १७१९ च्या फेब्रुवारींत बादशहा पदच्युत झाला. त्या गर्दींत शहरच्या लोकांनीं मराठ्यांवर हल्ला केला, आणि सुमारें दीड हजार माणसें रस्त्यांतच मारलीं गेलीं. श्रीवर्धनाहून बरोबर निघालेल्या भानु घराण्यांतील बाळाजी महादेव हेहि त्यांत पडले. पुढें प्रसिद्धीस आलेले नाना फडणवीस हे त्यांचेच नातू.

मार्चांत सनदा मिळाल्या, आणि येसूबाई सुटल्या. १६८९ सालीं रायगडावरून गेलेली ती राजस्त्री तीस वर्षांनीं साताऱ्यास आपल्या मुलाच्या घरीं परत आली. तिच्या डोळ्यांसमोरून केवढा काळ वाहून गेला होता, आणि त्या मायलेकरांची भेट कशी झाली असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

सनदा आल्यावर उत्पन्नाची वांटणी ठरली. चौथाईचे शंभर रुपये आले तर पंचवीस राजाकडे, त्यास बाबती म्हणत. सहा पंत सचिवाकडे, तो साहोत्रा. तीन नाडगौंडा म्हणून राजाच्या मर्जीनें कोणास द्यावयाचे. आणि राहिलेले सहासष्ट सरदारांकडे, त्यांतून त्यांनीं फौज ठेवावयाची. सरदेशमुखीचा दहावा हिस्सा राजाचें वतन म्हणून वेगळा. कोणा एकाचें ठाणें बळकट होऊं नये म्हणून एकेका सरदाराचे वांटे निरनिराळ्या परगण्यांत विखरून दिले. ज्या सरदारांनीं काल एकमेकांचीं घरें जाळिलीं त्यांस अशा रीतीनें एकाच हिशेबाच्या वहींत बांधून टाकिलें. राज्य टिकलें तर प्रत्येकाचा वांटा टिकणार, आणि बुडालें तर प्रत्येकाचा बुडणार.

युक्ति चतुर होती. परंतु तींतच ती उणीव होती जिचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला. सरदारांचें समाधान घरच्या पैशानें झालें नाहीं. तें दुसऱ्याच्या अमलांतील रयतेच्या पैशानें झालें. आणि चौथाईची मागणी प्रत्यक्ष आलेल्या वसुलावर नसून जुन्या काळीं ठरलेल्या पुऱ्या आकारावर करीत. तो आकार ज्या वेळीं ठरला त्या वेळीं गांव नांदतें होतें. आतां तेथें निम्मीं घरें ओस पडलीं असलीं तरी मागणी तीच. बाकी कधींच फिटत नसे, आणि बाकी मागण्याचें निमित्त कधींच संपत नसे. पुण्याच्या शेतकऱ्यास ज्या हातांनीं चढत्या साऱ्याचा कौल दिला, त्याच हातांनीं परमुलखांतील शेतकऱ्यावर न घटणारी मागणी लादिली गेली. शिवाय सरदारांस वांटा मिळाला तो वाढविण्याची हांवहि मिळाली. पुढच्या पिढींत ते दूर दूर गेले, प्रबळ झाले, आणि साताऱ्याच्या गादीस नांवापुरतें मानूं लागले. जो सांधा आज घट्ट बसला तोच उद्यां ढिला होणार होता.

तथापि हा दोष सर्वस्वीं एका माणसाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. रिकामा खजिना, पंचवीस वर्षांच्या युद्धांत होरपळलेला देश, आणि हत्यार खालीं ठेवण्यास तयार नसलेले सरदार, एवढ्या सामग्रीवर त्यांस घर उभें करावयाचें होतें. त्यांनीं कारभार हातीं घेतला तेव्हां शाहूंच्या आज्ञा साताऱ्याच्या आसपासहि कोणी धड मानीत नव्हते. त्यांनीं ठेविला तेव्हां दिल्लीच्या सनदांवर शाहूंचें नांव होतें.

दिल्लीच्या प्रवासाच्या व पुढील धांवपळीच्या श्रमांनीं बाळाजीपंतांची प्रकृति खचली, आणि १७२० सालच्या एप्रिलांत सासवड येथें ते वारले. त्यांच्या मागें पत्नी राधाबाई, मुलगे बाजीराव व चिमाजी, आणि मुली भिऊबाई व अनुबाई हीं होतीं. शाहूंनीं थोड्याच दिवसांत पेशवाई बाजीरावास दिली. त्यानें मराठी फौजा नर्मदेपार नेल्या. चिमाजीनें १७३९ सालीं वसई घेतली. लोकांच्या मुखीं मुलांच्या पराक्रमाच्याच गोष्टी अधिक आहेत. बापाचें काम निराळें होतें. तें तलवारीपेक्षां बैठकीवर आणि वहीवर झालें, म्हणून त्याचे पोवाडे होत नाहींत; पण बापानें पाया भरला नसता तर मुलांनीं इमला कशावर उठविला असता?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस राज्य चालवावयाचें नाहीं. परंतु गांवांत, मंडळींत व भाऊबंदांत तुटलेलें सांधण्याचा प्रसंग कोणास येत नाहीं? त्या वेळीं ह्या चरित्रांतील तीन गोष्टी आठवाव्या. ज्यानें आपणांस दुखविलें त्याच्याशींहि बोलणें होऊं शकतें, आणि समेटानें जें मिळतें तें सुडानें मिळत नाहीं. मोडलेल्या माणसाकडून पहिल्याच सालीं पुरा सारा मागूं नये. त्यास उभें राहण्यास अवधि द्यावा, आणि दिलेला शब्द पाळावा. आणि तिसरी, जी बाळाजीपंतांस साधली नाहीं: आपल्या घरांतील तंटा मिटवितांना त्याचें मोल शेजाऱ्याच्या पोरांच्या ताटांतून काढूं नये, कारण तसा मिटलेला तंटा खरोखर मिटत नाहीं, तो केवळ कुंपणापलीकडे जाऊन उभा राहतो.